अर्ध्या सासूबाई

सासूबाईंना मधोमध कापायचा जावईबापूंचा मुळीच विचार नव्हता. त्या पूर्ण दिसू नयेत एवढीच त्यांची माफक इच्छा होती, आणि ती त्यांनी मोठ्या अदबीने, माउसच्या टोकाने पुरी करून घेतली होती.

त्याचं असं झालं. बायकोचा लॅपटॉप बिघडला आणि दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाला सज्जन होता, कधी नाही म्हणायचा नाही. रोज "उद्या देतो" म्हणायचा. इकडे बायकोचं काम अडलेलं. ती विणकामाचे नमुने तयार करून विकायची. बारीक चौकोनांचा लांबलचक तक्ता, प्रत्येक चौकोन म्हणजे एक टाका, लाल चौकोनाला लाल लोकर, पांढऱ्याला पांढरी. तक्ता बरोबर जमला की नाही हे तपासून बघायचं काम तिच्या आईचं. आई दुसऱ्या गावी. तेव्हा तक्ता आणि आई, दोन्ही एकाच वेळी समोर दिसतील असं काहीतरी हवं होतं.

"माझ्या कॉम्प्युटरवर चार डेस्कटॉप आहेत," जावईबापू उदार होऊन म्हणाले. "दुसरा तुझा. मी पहिल्यावर काम करीन. माझं तुला दिसणार नाही, तुझं मला दिसणार नाही."

"एकाच कॉम्प्युटरवर?"

"एका खोलीत चार टेबलं असल्यासारखं समज. बसायचं एका वेळी एकाच टेबलापाशी, पण बाकीच्या टेबलांवरचा पसारा जागच्या जागी राहतो."

पसारा हा बायकोचा जिव्हाळ्याचा विषय होता. तिने लगेच मान्य केलं.

आता मायलेकींच्या व्हिडिओ-फोनची एक रीत होती. तो ठेवायचाच नाही. सकाळी लावला की दिवेलागणीपर्यंत चालू. मधे बोलायलाच हवं असंही नाही. बायको खोलीच्या पार टोकाला, खिडकीपाशी, मांडीवर लोकर घेऊन बसायची. आई तिकडे आपल्या घरी भाजी निवडत बसायच्या. तासभर दोघी गप्प. मग पलीकडून "बाहीचे दोन टाके कमी कर गं" एवढं एक वाक्य यायचं आणि पुन्हा सामसूम व्हायची.

जावईबापूंना हे जरा जड जात होतं. सासूबाईंची भीती वाटायची असं नाही, पण लग्नाच्या वेळचा एक प्रसंग त्यांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. सासूबाईंनी "तुम्ही काम काय करता?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी चांगलं सविस्तर, हातवारे करून समजावून सांगितलं होतं. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग लेकीकडे वळून विचारलं होतं, "ते सगळं ठीक आहे गं. पण करतो काय?" तेव्हापासून त्यांच्याशी नजरानजर नको वाटायची. म्हणून दुसऱ्या डेस्कटॉपवर जायची वेळ आली की जावईबापू सासूबाईंची विंडो हळूच डावीकडे सरकवायचे, असं करता करता त्या अर्ध्या स्क्रीनबाहेर गेल्या. आत उरला एक डोळा, चष्म्याची एक काच आणि एक कान. बायकोचा तक्ता तर इतका लांब की त्याचं खालचं टोक आपोआपच स्क्रीनच्या खाली लोंबत होतं.

गंमत अशी, की अशा बाहेर गेलेल्या अर्ध्या भागाचं काय करायचं हेच तर जावईबापूंचं काम होतं. त्यांची कंपनी एक प्रोग्राम तयार करत होती. चारही डेस्कटॉप छोटे करून, वर दोन खाली दोन, एकाच स्क्रीनवर एका वेळी दाखवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण विंडो कडेला ढकलली की तिचा बाहेरचा भाग कुठे जातो? कुठेच जात नाही. तो असतोच, स्क्रीन संपलेली असते म्हणून दिसत नाही, इतकंच. चार डेस्कटॉप शेजारी शेजारी मांडले की तिथे स्क्रीन संपत नाही, तिथे शेजारी सुरू होतो. म्हणजे प्रत्येक विंडो आपापल्या हद्दीवर बरोबर कापावी लागते, नाहीतर ती सरळ शेजारच्या घरात पाय पसरते. ही कापाकापी जावईबापूंनी लिहिलेली होती आणि तिला ते लाडाने 'कात्री' म्हणायचे.

कात्री छान चालत होती. पण साहेबांना सावली हवी होती.

"प्रत्येक विंडोखाली मऊ सावली पाहिजे रे राजा," साहेब फोनवर म्हणाले होते. "सावलीशिवाय श्रीमंती दिसत नाही."

सावली घातली, तर कात्री सावलीही कापायला लागली. जावईबापूंनी आदल्या दिवशी दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी नुसती सावली कशी पडते हे बघावं म्हणून त्यांनी कात्रीची ओळ तात्पुरती बंद केली, एकच कोपरा मोठा करून पाहिला, आणि ती सावली इतकी सुरेख पडली होती की त्या आनंदात ते शीळ घालत चहा करायला उठले. एखादी गोष्ट तात्पुरती बंद करणं आणि ती कायमची विसरणं यांत एक कप चहाचं अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामवाल्या बाईंना प्रोग्राम दाखवायचा होता. बाईंची मोठी थंड गोदामं होती. एका खोलीत फुलं, दुसरीत फळं, तिसरीत आणखी काही. चार टेबलांवरचं काम एका माणसाला एका स्क्रीनवर दिसावं, अशी त्यांची गरज होती. आधी दोन कंपन्यांना त्यांनी परत पाठवलेलं होतं.

"बाई नाही म्हणाल्या तर हे काम बंद," साहेबांनी सकाळीच बजावलं. "आणि काम बंद म्हणजे तुझं घरून काम करणंही बंद. मोठ्या ऑफिसात येऊन बसावं लागेल. माझा इलाज नाही."

मोठं ऑफिस दुसऱ्या शहरात होतं. म्हणजे घर आठवड्यातून एकदा, तेही पाहुण्यासारखं. ही खोली, खिडकीपाशी विणत बसलेली बायको, मधेच तिचं "अरे, जरा पाठ दे बघू" म्हणून पाठीला लोकर लावून बघणं, हे सगळं जावईबापूंना मनापासून आवडायचं. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण आवडायचं.

मीटिंगच्या जरा आधी बायको लोकर आणायला निघाली.

"आईंना सांगितलंस ना?" जावईबापूंनी विचारलं.

"सांगितलंय. तोंडातून शब्द काढणार नाही ती."

फोन ठेवला आहे, असा जावईबापूंनी याचा अर्थ घेतला. सासूबाईंनी मात्र, शब्द काढायचा नाही, एवढाच अर्थ घेतला होता, कारण त्यांना सांगितलं तेवढंच होतं. त्या मटारची टोपली पुढ्यात घेऊन, ओठ घट्ट मिटून बसल्या.

साहेब आले, गोदामवाल्या बाई आल्या. दोघांचे चेहरे स्क्रीनच्या कडेला उमटले. तापमान वाढलं की प्रोग्राम घंटा वाजवतो, ती बाईंना ऐकू जावी म्हणून जावईबापूंनी आपल्या कॉम्प्युटरचा आवाजही मीटिंगला जोडला. मग घसा साफ करून त्यांनी बटण दाबलं. चार चौकोन उघडले.

"हा वरचा पहिला चौकोन तापमानाचा," ते म्हणाले. "इथे तुमच्या प्रत्येक खोलीचा आकडा..."

"बरं. आणि ह्या बाई कोण?"

जावईबापूंनी पाहिलं. दुसऱ्या चौकोनाच्या हद्दीवर सासूबाई बसल्या होत्या. अर्ध्या आपल्या चौकोनात आणि अर्ध्या पहिल्या चौकोनात, फुलांच्या खोलीच्या तापमानावर. अंगाखाली मऊ, सुरेख सावली पडलेली. त्या मटार सोलत होत्या.

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेब मुरलेले होते. वेळ मारून नेणं हा त्यांचा हातचा मळ.

"त्या देखरेखीवर असतात," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा मॅडम, नुसत्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. आकड्यावर माणसाची नजर हवी. आम्ही ती आकड्याच्या वरच बसवतो."

"अरे वा," गोदामवाल्या बाई म्हणाल्या. "हे आधीच्या कुणी दिलं नव्हतं. आणि दुसऱ्याच्या खाली, त्या चौथ्या चौकोनात, ते लाल-पांढरं काय उतरलंय?"

बायकोचा तक्ता हद्द ओलांडून चौथ्या चौकोनाच्या रिकाम्या जागेत ऐसपैस लोंबत होता.

"ते रॅक," साहेब बेधडक म्हणाले. "लाल म्हणजे भरलेला, पांढरा म्हणजे रिकामा."

"सुंदर! हेच मला कधीपासून हवं होतं. पण भरलेले रॅक हरणाच्या आकाराचे का दिसतायत?"

साहेब क्षणभरच थांबले. "मागणी आहे मॅडम. ती काही सरळ रेषेत येत नाही."

जावईबापू घाईघाईने माउस फिरवत होते, पण त्यांच्याच प्रोग्रामात चारही डेस्कटॉप एकत्र दिसत असताना नुसतं बघता यायचं, आतलं काही बंद करता यायचं नाही. कुणी चुकून काही बंद करू नये म्हणून ही खबरदारी त्यांनी स्वतःच घेतली होती. तेवढ्यात मोबाइलवर साहेबांचा निरोप आला. 'काहीही हलवू नकोस. आवडलंय त्यांना.'

"मला त्या बाईंशी बोलायचंय," गोदामवाल्या बाई म्हणाल्या.

"त्या ड्यूटीवर बोलत नाहीत," साहेब.

"एकच प्रश्न. अहो बाई, ऐकू येतंय का?"

सासूबाईंनी एक शेंग उघडली. दाणे टोपलीत टाकले. बोलल्या नाहीत.

"बाई? तुम्हालाच विचारतेय."

आता दुसऱ्यांदा हाक मारलेल्या माणसाला उत्तर न देणं सासूबाईंच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

"येतंय हो ऐकू," त्या म्हणाल्या. "पण मला बोलू नको म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

"लेकीने."

साहेब खोकले. गोदामवाल्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही तापमानावर लक्ष ठेवता ना?"

"कसलं तापमान? मी मटार सोलतेय."

साहेब उगाचच हसले.

"साहेब," गोदामवाल्या बाई सावकाश म्हणाल्या, "ह्या कोण आहेत?"

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. सारवासारव करण्याजोगं आता काही उरलंच नव्हतं. जावईबापूंनी मोठा श्वास घेतला.

"त्या माझ्या सासूबाई आहेत, मॅडम."

"आणि ते रॅक?"

"तो स्वेटरचा नमुना आहे. बायकोचा."

"स्वेटरची पाठ आहे ती," सासूबाईंनी दुरुस्ती केली. "यांच्याचसाठी चाललाय. यांना कळू द्यायचा नव्हता खरं तर, पण आता तुम्ही विचारलंत म्हणून."

जावईबापूंचे कान लाल झाले. लाजेने की आणखी कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोदामवाल्या बाई मात्र गंभीर झाल्या होत्या. "म्हणजे तुमच्यात एका टेबलावरचं दुसऱ्या टेबलावर सांडतं. आज सासूबाई सांडल्या, मी हसले असते. उद्या फळांचा आकडा फुलांवर सांडला, तर माझा माल सडेल. आधीच्या दोघांकडेही हेच होत होतं. विचारलं की म्हणायचे, तुमच्याच स्क्रीनमध्ये खोट आहे. तुम्ही तर त्यांच्याही वरताण. तुम्ही त्याला देखरेख म्हणालात. येते मी."

"मॅडम, मॅडम, ऐका तरी," साहेब म्हणाले.

"अहो, थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या.

आणि नवल म्हणजे गोदामवाल्या बाई थांबल्या. साहेबांसाठी नाही, सासूबाईंसाठी.

"रागावू नका," सासूबाई हातातली शेंग बाजूला ठेवून म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण काल दुपारभर हे त्या सावलीच्या मागे होते. सावली कापली जातेय, सावली कापली जातेय, असं आपलं स्वतःशीच चाललेलं. मी लेकीला म्हटलंसुद्धा, अगं, सावली कापली तर कुणाला दुखतं? मग हे म्हणाले, 'कात्री बंद करून बघू.' बघितलं, खूष झाले, शीळ घातली आणि चहाला उठले. कात्री पुन्हा चालू करतो, असं म्हणालेलं काही मी ऐकलं नाही. तेवढं करायचं राहिलं असेल बघा."

जावईबापूंना आठवलं. चहा, शीळ, कात्री. सगळं अगदी तस्संच घडलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "चूक माझीच आहे. तुमच्या स्क्रीनची नाही. दोन मिनिटं द्या, तुमच्यासमोरच करतो."

"सावलीचं काय?" साहेब कुजबुजले.

जावईबापू पहिल्या डेस्कटॉपवर गेले, प्रोग्राम उघडला, बंद केलेली ओळ शोधली आणि चालू केली. बाई बघत होत्या. साहेब दुसरीकडे बघत होते. बटण दाबलं. पुन्हा चार चौकोन उघडले. सासूबाई हद्दीवर सुरीने कापल्यासारख्या सरळ कापल्या गेल्या होत्या. तापमानाचे आकडे स्वच्छ दिसत होते. हरणाचे पाय गेले होते, वरची शिंगं आपल्या घरी सुखरूप होती.

"सावलीही कापली गेली," साहेब हळहळले.

"खड्ड्यात गेली ती सावली," गोदामवाल्या बाई म्हणाल्या. मग जरा पुढे झुकून पाहिलं. "बाई, तुम्ही अर्ध्या झालात की हो."

"हो का?" सासूबाईंनी स्वतःला चाचपून पाहिलं. "इथे मला काही लागलं नाही."

गोदामवाल्या बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "चूक कुठे झाली हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तेही कंपनीच्या माणसाच्या आधी त्याच्या सासूने. काम सुरू करा. पण तो रॅकचा तक्ता मला हवाच. लाल भरलेला, पांढरा रिकामा. साहेबांनी कबूल केलंय."

"केलंय," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

मीटिंग संपली. जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. ते दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले. सासूबाई अजून कडेलाच होत्या, एक डोळा आणि चष्म्याची एक काच. जावईबापूंनी विंडो धरली आणि ओढत ओढत स्क्रीनच्या मधोमध आणली. पूर्ण सासूबाई दिसल्या. त्यांना दुसराही कान होता, आणि त्या हसत होत्या.

"आई, तुम्ही आज मला वाचवलंत."

"मी कसली वाचवते? ऐकलं ते सांगितलं."

"तुम्ही रोज माझं सगळं ऐकत होता?"

"नुसती ऐकत कसली, बघतही होते."

"बघत?"

"मग? तुमच्या कॉम्प्युटरचा कॅमेरा तुमच्याकडे तोंड करून बसलाय. लेक बसते तिकडे खिडकीशी. ती मला दिसते कुठे? तिचा आपला आवाज येतो. दिवसभर दिसता ते तुम्हीच."

जावईबापूंच्या डोळ्यांसमोरून गेले सगळे दिवस झरझर सरकून गेले. चहाच्या कपाशी केलेल्या गप्पा. चुकीची ओळ सापडली की खुर्चीतल्या खुर्चीत केलेला नाच. उघड्या डोळ्यांनी काढलेल्या डुलक्या. डब्यातली बिस्किटं बायकोच्या नकळत खाणं आणि झाकण आवाज न करता लावणं.

"सगळं?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"सगळं. बिस्किटांचं मी तिला सांगितलेलं नाही."

"आई, मग... मग फोन ठेवून द्यायचा ना."

सासूबाईंनी मटारची टोपली उगाचच इकडून तिकडे सरकवली. "ती विचारायची ना, आई, बोलायचं काही नाही तर ठेवू का? मी म्हणायची, राहू दे. इथे घरात कामाला बसलेलं माणूस कुणी नाही हो आता. कुणी तरी आपलं डोकं खाजवतंय, चुकतंय, परत करतंय, हे बघायला बरं वाटतं. तुमचं काम मला अजून कळलेलं नाही. पण तुम्ही ते कसं करता, ते मला आवडतं."

मोठ्या ऑफिसात जावं लागणार नव्हतं, याचा झाला होता त्याहून जास्त आनंद जावईबापूंना आत्ता झाला होता. ते उठले, उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले, आणि मग त्यांनी सासूबाईंची विंडो दुसऱ्या डेस्कटॉपवरून उचलून पहिल्यावर, आपल्या कामाच्या मधोमध आणून ठेवली. प्रोग्रामच्या निम्म्या ओळी तिच्यामागे झाकल्या गेल्या. उरलेल्या ओळींत डोकं घालून ते रॅकच्या तक्त्याला लागले.

दार वाजलं. बायको लोकरीची पिशवी घेऊन आत आली आणि स्क्रीन बघून जागच्या जागी थबकली.

"हे काय? आई तुझ्या टेबलावर कशी? तुला अडचण होईल, मी ठेवते फोन."

"राहू दे," जावईबापू म्हणाले.

"बोलायचं आहे का काही?"

"नाही. पण राहू दे."

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. दोघंही आपापल्या कामात गढल्यासारखं दाखवत होते. एकाचे कान अजून लाल होते. ती आपल्या खुर्चीकडे वळणार, तेवढ्यात स्क्रीनमधून आवाज आला.

"अगं, लोकर आणलीस ना? मग छातीला चार टाके वाढव. आज जरा फुगलेत."